मणिभाई देसाई : गोसेवेला हिशेबाची जोड देणारा कार्यकर्ता

पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यात स्वातंत्र्यानंतरच्या काळात दोन टोकांना दोन वेगळी कामे उभी राहिली. पश्चिमेला पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-चिंचवडच्या जमिनी घेतल्या आणि एकामागून एक कारखाने उभे राहिले. पुढे हा पट्टा सरकत सरकत खेड तालुक्यात चाकणपर्यंत गेला. त्याच तालुक्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन गावात, एक गुजराती कार्यकर्ता गोठ्यात बसून वेगळाच विचार करीत होता. शेतकऱ्याच्या दावणीला जी गाय आहे तिच्याच पोटी जास्त दूध देणारी कालवड कशी जन्माला येईल, हा तो विचार. या कार्यकर्त्याचे नाव मणिभाई भीमभाई देसाई.

कारखान्यांनी आपल्या भागात पैसा आणला, नोकऱ्या आणल्या, हे कोणी नाकारत नाही. पण जमीन एकदाच विकता येते. मोशी, चिखली, तळवडे, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे या बाजूला आजही अशी घरे आहेत की जिथे पाच-दहा गुंठे शिल्लक आहेत आणि दारात दोन गाई बांधलेल्या आहेत. अशा घरांसाठी मणिभाईंचे चरित्र नुसते आदराने वाचायचे नाही. त्यातून आपल्या गोठ्याचा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे.

कोसमाडा ते सेवाग्राम

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. वडील आजूबाजूच्या गावांत मान असलेले गृहस्थ होते. पण मणिभाई लहान असतानाच ते वारले आणि आईने मुलांना वाढविले. घरची शेती, घरची गुरे, त्यामुळे शेण-गोठा, वैरण-पाणी हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९३० साली गांधीजींची दांडीयात्रा निघाली. दांडी त्या वेळी सुरत जिल्ह्यातच होती. दहा वर्षांच्या मणिभाईंनी मिठाच्या पुड्या वाटण्याच्या कामात भाग घेतला. एवढ्या वयात मनावर जो ठसा उमटला तो जन्मभर टिकला. पुढे सुरतला कॉलेजात विज्ञान शाखेत शिकत असताना १९४२चे आंदोलन सुरू झाले. मणिभाईंनी अभ्यास बाजूला ठेवून त्यात उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. सुटल्यावर राहिलेले शिक्षण पुरे केले. विज्ञानाचा पदवीधर त्या काळी सहज चांगली नोकरी मिळवू शकला असता. मणिभाई मात्र वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. तिथे झाडलोट आणि सफाईपासून सगळी कामे त्यांनी केली.

उरुळीचा निर्णय

गांधीजी १९४६च्या सुरुवातीला पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात होते. गोरगरिबांसाठी असा उपचार शहरात चालणार नाही, तो खेड्यातच चालला पाहिजे, असे त्यांचे मत झाले. म्हणून रेल्वेचे स्टेशन असलेले पण खेडेच असलेले उरुळी कांचन निवडण्यात आले. २२ मार्च १९४६ रोजी गांधीजी उरुळीत आले आणि ३० मार्चपर्यंत तिथे राहिले. गावकऱ्यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला.

गांधीजींना दिल्लीच्या वाटाघाटींसाठी जावे लागले. मागे काम सांभाळायला जे कार्यकर्ते राहिले त्यांत सव्वीस वर्षांचे मणिभाई होते. आपले सारे आयुष्य या गावात घालवीन, देहही इथेच ठेवीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला. त्यांनी लग्न केले नाही. मराठी त्यांची मातृभाषा नव्हती, गावात नात्यागोत्याचे कोणी नव्हते. तरी सत्तेचाळीस वर्षे ते या कामात राहिले.

त्या वेळची उरुळी म्हणजे आजची बागायती उरुळी नव्हे. पावसावरची शेती, कर्ज, व्यसने, आणि बाहेरून येणाऱ्या कार्यकर्त्यांकडे संशयाने पाहणारे गाव. मणिभाईंच्या लवकरच लक्षात आले की रोग्याला उपचार देऊन घरी पाठविले तरी घरात खायला नसेल तर तो पुन्हा आजारी पडतो. तेव्हा शाळा हवी, पाणी हवे, शेती सुधारायला हवी आणि घरात रोज चार पैसे यायला हवेत. गावात महात्मा गांधी विद्यालय उभे राहिले. आश्रमाच्या जमिनीवर त्यांनी शेतीचे प्रयोग केले. थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला. या सगळ्याबरोबर त्यांनी हाती घेतलेले काम म्हणजे गाय.

गिर गाय आणि पुढचा प्रश्न

गांधीजींच्या विधायक कार्यात गोसेवेला मोठे स्थान होते. मणिभाईंनी आश्रमात गोशाळा उभी केली आणि सौराष्ट्रातली गिर गाय तिथे सांभाळली. चांगल्या गाईची कालवड ठेवायची, चांगला वळू निवडायचा, प्रत्येक गाईच्या दुधाची रोज नोंद करायची, अशी शिस्त त्यांनी लावली. पशुवैद्यकाचे शिक्षण नव्हते, पण वाचून, विचारून आणि गोठ्यात स्वतः राबून ते या विषयातले जाणकार झाले. आश्रमाच्या गिर गाईंचे नाव लांबवर झाले.

एखाद्या साध्या माणसाने इथेच समाधान मानले असते. मणिभाईंना मात्र गावातली गाय दिसत होती. आश्रमाच्या गोठ्यात भरपूर दूध देणारी गाय असून शेजारच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? त्याच्या दारातली गावठी गाय दीड-दोन लिटर दूध देणार, तीन-चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विणार आणि दोन वेतांत दीड-दोन वर्षांचे अंतर पडणार. अशी गाय घरच्यांच्या प्रेमावर जगते, घर चालवू शकत नाही. दुष्काळ पडला की पहिली बाजारात जाते तीही तीच. गाईला देव मानणारा शेतकरीच अडचणीत तिला वाचवू शकत नाही, हे मणिभाई पाहत होते. गाय टिकवायची असेल तर ती शेतकऱ्याला परवडली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

निवड पद्धतीने देशी गाय सुधारता येते, पण त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागतात. म्हणून त्यांनी संकराचा मार्ग धरला. होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सी वळूचे रेत आणि आपल्याकडची गाय यांच्यापासून होणारी कालवड दोन-अडीच वर्षांत विते आणि चांगले खाणे मिळाले तर आठ-दहा लिटर दूध देते. गांधीजींच्या आश्रमातल्या माणसाने परदेशी वळूचे रेत गावात आणावे हे अनेकांना रुचले नाही. वशिंड नसलेली ती कसली गाय, असेही लोक म्हणत. मणिभाईंनी वाद फार घातला नाही. ज्याच्या दारात अशी कालवड वाढून दुधाला आली, त्याच्या गोठ्यात ते लोकांना नेऊन दाखवीत.

दारापर्यंत सेवा

२४ ऑगस्ट १९६७ रोजी मणिभाईंनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. आपण तिला बाएफ म्हणतो. मुख्य केंद्र उरुळीलाच. या संस्थेचे खरे वेगळेपण जातिवंत वळूंपेक्षा तिच्या कामाच्या पद्धतीत होते.

तोपर्यंतची रीत अशी की गाय माजावर आली की ती हाकत दवाखान्यात न्यायची. पाच-सात किलोमीटर चालत जायचे, एका माणसाचा दिवस मोडायचा, आणि तिथे कोणी नसेल तर परत यायचे. माज टिकतो जेमतेम एक दिवस. तो हुकला की पुढचा एकवीस दिवसांनी. तेवढे दिवस गाईला खायला घालायचे आणि वेत लांबणीवर टाकायचे. मणिभाईंनी हा उलटा व्यवहार सरळ केला. दहा-पंधरा गावांसाठी एक केंद्र, तिथे एक प्रशिक्षित कर्मचारी, आणि निरोप मिळाला की तो शेतकऱ्याच्या दारात. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठविलेली रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे वळू उरुळीला आणि त्याची संतती शेकडो किलोमीटर दूरच्या गोठ्यात, हे शक्य झाले.

या कर्मचाऱ्याने रेतन करून निघून जायचे नव्हते. गाय गाभण आहे की उलटली ते तपासायचे, वासराची नोंद ठेवायची, लसीकरण, जंताचे औषध, चारा लागवड याविषयी घरच्या बाईमाणसाशी बोलायचे. धार काढणारी, शेण काढणारी तीच, म्हणून सल्लाही तिलाच मिळाला पाहिजे. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या क्षेत्रातील केंद्रांचा खर्च उचलला आणि काम झपाट्याने पसरले. पुढे इतर राज्य सरकारांनीही संस्थेला बोलावले. आज डझनभराहून अधिक राज्यांत हे काम चालू आहे.

मणिभाईंनी आयती दुभती गाय वाटण्याच्या योजनेवर भर दिला नाही, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. गरीब देशांत अशा योजना पुष्कळ झाल्या. परदेशातून भारी गाई आणून वाटल्या आणि चारा, औषधपाणी, दूध विकायची सोय नसल्याने त्या खंगून गेल्या. याउलट केनियाच्या उंच भागातले एक-दोन एकरवाले शेतकरी पाहावेत. त्यांनी बांधाला हत्ती गवत लावले, संकरित गाई बांधून सांभाळल्या आणि दुधावर घर चालविले. घरात जन्मलेली कालवड घरच्या हवेला, घरच्या वैरणीला सरावते आणि ती वाढेपर्यंत मालकही शिकतो. उरुळीचा अनुभव हाच होता.

चारा, झाड आणि आदिवासींची वाडी

जास्त दुधाची गाय जास्त खाते. हे ओळखून मणिभाईंनी सत्तरच्या दशकात सुबाभळीच्या झपाट्याने वाढणाऱ्या जातींचा प्रसार केला. बांधावर झाड, पाल्याचा चारा आणि लाकडाचे सरपण असा तिहेरी उपयोग होता. मात्र तिच्या पाल्यात मायमोसीन हा विषारी घटक असतो, म्हणून हिरव्या चाऱ्यात तिचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये. शेंगा वेळेवर तोडल्या नाहीत तर ती तणासारखी पसरते, हाही अनुभव पुढे अनेकांना आला.

ज्यांच्याकडे गायही नाही अशा लोकांसाठी १९८२च्या सुमारास दक्षिण गुजरातेत वांसदा भागात वाडीचा कार्यक्रम सुरू झाला. आदिवासी कुटुंबाच्या एकरभर माळरानावर आंब्यासारखी फळझाडे, कडेने सरपणाची आणि कुंपणाची झाडे, मधल्या जागेत धान्य-भाजी. कामासाठी गाव सोडून जाणारी कुटुंबे आपल्या जमिनीवर टिकावीत हा हेतू. पुढे नाबार्डने ही पद्धत देशभरातल्या आदिवासी भागांत नेली.

भारत सरकारने मणिभाईंना १९६८ साली पद्मश्री दिली. १९८२ साली त्यांना लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९८३ साली जमनालाल बजाज पुरस्कार. योगायोग असा की ज्या १९८२ साली उरुळीच्या गोठ्याचा मनिलात सन्मान झाला, त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली.

दुसरी बाजू

थोर माणसाच्या कामाचेही जमाखर्च मांडायला हवेत. संकरित गाईने महाराष्ट्रातल्या लाखो घरांत रोजचा पैसा आणला, हे जमेला. खर्चाच्या बाजूलाही काही आहे.

पहिली गोष्ट गोऱ्ह्यांची. संकरित बैलाला वशिंड नीट नसते, जू बसत नाही, उन्हात तो दमतो. ट्रॅक्टर आल्यावर तर त्याला कोणी विचारीनासे झाले. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून नर वासराचे काय करायचे हा प्रश्न गोठ्यात उभा आहे. खिलार बैलाला निदान शर्यतीचा आधार आहे. २०२१च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून खेड-मावळात त्याला पुन्हा भाव आला. संकरित गोऱ्ह्याला तोही नाही.

दुसरी गोष्ट रक्ताच्या प्रमाणाची. विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवावे, असा तज्ज्ञांचा सल्ला. पण जास्त दुधाच्या हव्यासाने पिढ्यान्‌पिढ्या एकाच विदेशी जातीचे रेतन होत गेले. मग गाय उलटते, उन्हाळ्यात धापा टाकते, कासदाहाला म्हणजे दगडीला लवकर बळी पडते. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा गोठे कसे हादरले ते सर्वांनी पाहिले.

तिसरी गोष्ट देशी जातींची. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी या आपल्या मुलुखाच्या जाती मागे पडल्या. मणिभाईंनी सुरुवात शुद्ध गिर गाईपासूनच केली होती, हे लोक विसरले. चांगली जातिवंत देशी गाय तिच्याच जातीच्या वळूने भरवावी आणि ज्या गावठी गाईला कुठलीच जात नाही तिचा संकर करावा, हा भेद पाळला गेला नाही. बाएफनेही पुढे देशी जातींच्या जतनाचे काम हाती घेतले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट दराची. गाय कितीही चांगली असली तरी दूध संघाच्या काट्यावर दर पडला की गोठा तोट्यात जातो. २०२४च्या सुरुवातीला शासनाला गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. पैदास सुधारणे मणिभाईंच्या हातात होते, बाजार नव्हता.

आपल्या पट्ट्यासाठी धडा

चाकणच्या जनावरांच्या बाजारात गेले की दिसते, दोन-तीन वेते झालेली गाय विकायला येते आणि तिच्या जागी आणखी महाग गाय घेतली जाते. जमिनीच्या पैशातून चार-पाच भारी गाई एकदम घ्यायच्या आणि वर्षा-दोन वर्षांत गोठा मोकळा करायचा, असेही होते. हे मणिभाईंच्या पद्धतीच्या नेमके उलटे आहे. त्यांच्या कामातून आपल्या पट्ट्यातील शेतकऱ्याने घ्यावयाच्या गोष्टी साध्या आहेत.

आधी चारा, मग गाय. दहा लिटरच्या गाईला रोज वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो कडबा आणि पाच किलोच्या आसपास खुराक लागतो. वर्षाला नऊ टन हिरवी वैरण झाली. पाणी असेल तर संकरित नेपियरचे चार-पाच गुंठे एका गाईला पुरतात. ज्याच्याकडे दहा गुंठे आहेत त्याने दोनच गाई ठेवाव्यात. सगळा चारा विकत घेऊन दूध परवडत नाही.

कालवड घरचीच वाढवावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे आणि तारीख भिंतीवर का होईना लिहून ठेवावी. कोणत्या वळूची मात्रा भरली हे विचारून घ्यावे. आता लिंगनिश्चित मात्राही मिळतात. त्यातून बहुतेक कालवडीच होतात आणि गोऱ्ह्यांचा प्रश्न थोडा हलका होतो.

न देणारे जनावर सांभाळण्याचा खर्च आता पर्यावरणाच्या हिशेबातही धरला जातो. रवंथ करणारे प्रत्येक जनावर मिथेन वायू सोडते, मग ते दहा लिटर देवो की काहीच न देवो. थोड्या पण निरोगी आणि वेळेवर विणाऱ्या गाई ठेवल्या तर दर लिटरमागे हा वायूही कमी आणि चाराही कमी.

गावपातळीवरच्या मंडळींचेही काम आहे. गायरान जिथे उरले आहे तिथे त्याची मोजणी करून घेणे, अतिक्रमण रोखणे आणि त्यावर चारा पिकविणे हे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. लाळ-खुरकताचे लसीकरण वर्षातून दोनदा असते. त्या दिवशी सगळी जनावरे गावात असतील, प्रत्येकाच्या कानात १२ अंकी बिल्ला असेल, हे सरपंच आणि पशुधन पर्यवेक्षकाने मिळून पाहावे. १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली ही गावे महापालिकेत गेली. तिथे आता ग्रामपंचायत नाही, पण गोठे आहेत. त्यांच्या शेणाची, पाण्याची आणि औषधपाण्याची सोय कोणी पाहायची, हे महापालिकेने ठरवायला हवे.

मणिभाई १४ नोव्हेंबर १९९३ रोजी गेले. गांधीजींना दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांची समाधी उरुळी कांचनलाच आहे. त्यांच्या हयातीत हवेली तालुक्याच्या पश्चिम टोकाला धुराडी उभी राहिली आणि आता चाकणच्या पुढेही रस्ते रुंद होत आहेत. ते थांबणारे नाही. पण जिथे अजून गव्हाण भरली जाते, तिथे ती कशी भरायची, किती जनावरांसाठी भरायची आणि त्यातून घर कसे चालवायचे, हे त्यांनी सत्तेचाळीस वर्षे खपून दाखवून दिले आहे. पुढच्या बाजाराला गाय न्यायच्या आधी तिची कालवड घरी ठेवता येते का, एवढा विचार प्रत्येक गोठेवाल्याने जरूर करावा.